एरियल, वीज आणि जमिनीतला दांडा

माझ्या लहानपणी आमच्या घरी जो रेडिओ होता, त्याच्या पाठीमागच्या पुठ्ठ्याला दोन भोके होती आणि त्यांच्याशेजारी ‘ए’ व ‘ई’ अशी दोन इंग्रजी अक्षरे छापलेली होती. पहिल्या भोकातून निघालेली तार खिडकीबाहेर जाऊन छपरावर दोन बांबूंमध्ये ताणलेल्या एरियलला मिळत असे, आणि दुसऱ्या भोकातली तार मोरीतल्या नळाला गुंडाळलेली असे. एरियलचे महत्त्व घरातल्या लहानथोर सर्वांना ठाऊक होते; वाऱ्याने बांबू कलला की आवाज खरखरू लागे आणि कोणीतरी लगबगीने छपरावर चढे. नळाच्या तारेकडे मात्र कोणी ढुंकून पाहत नसे. ती सुटली तरी रेडिओ गातच राही. सबब ती पुन्हा बांधण्याची तसदी कोणी घेत नसे. पुढे ते रेडिओ गेले, नळांचे लोखंडी पाइप जाऊन प्लॅस्टिकचे आले, आणि नळाला तार बांधून अर्थिंग झाल्याचे समाधान मानण्याची सोयही संपली. परंतु ‘ई’ या अक्षराकडे, म्हणजे जमिनीकडे, पाहण्याची आपली उदासीनता जशीच्या तशी राहिली आहे.

हे आज लिहिण्याचे कारण असे की घराच्या छपरावर उंच धातू उभारणाऱ्यांची संख्या कमी झालेली नाही. हौशी बिनतारी संदेशन, ज्याला सारे जग ‘हॅम रेडिओ’ म्हणते, त्याचा परवाना केंद्र सरकारकडून परीक्षा देऊन रीतसर मिळतो, आणि असा परवाना मिळालेला मनुष्य पहिली गोष्ट करतो ती म्हणजे गच्चीवर तार ताणणे. सात मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर, म्हणजे ज्याला आम्ही चाळीस मीटरचा बँड म्हणतो त्यावर बोलायचे असेल, तर साध्या द्विध्रुव अँटेनाची लांबी सुमारे वीस मीटर भरते. वीस मीटर तांबे दहाबारा मीटर उंचीवर आडवे ताणायचे आणि त्याच्या मध्याला जोडलेली केबल आपल्या टेबलापर्यंत आणायची, हा या छंदाचा आरंभ होय. आणि त्या केबलीला जमिनीची वाट करून दिलेली नसेल तर तो एका फार जुन्या आणि फार दुःखद प्रयोगाची पुनरावृत्तीही होय.

तो प्रयोग रशियातील सेंट पीटर्सबर्ग येथे १७५३ साली झाला. त्याच्या आदल्या वर्षी, मे महिन्यात, अमेरिकेतील बेंजामिन फ्रँकलिनने सुचविलेल्या पद्धतीने फ्रान्समधील मार्ली या गावी उंच लोखंडी दांडा उभारून ढगातील विद्युत् प्रथमच उतरवून दाखविण्यात आली होती, आणि युरोपातील विद्वानांमध्ये त्या प्रयोगाची मोठी ओढ उत्पन्न झाली होती. गेऑर्ग विल्हेल्म रिखमान या शास्त्रज्ञाने आपल्या घराच्या छपरावरून एक धातूचा वाहक आपल्या खोलीत आणला होता, आणि विद्युत् मोजता यावी म्हणून तो जमिनीपासून बुद्ध्याच अलग ठेवला होता. ऑगस्टमधील एका दिवशी ढग गडगडू लागलेले ऐकून तो तेथील विज्ञान अकादमीतून घाईने घरी आला, आकृत्या कोरणारा आपला सहकारी त्याने बरोबर घेतला, आणि मोजमाप पाहण्यासाठी तो वाहकाजवळ वाकला असता त्यातून निघालेला विजेचा गोळा त्याच्या कपाळावर आदळून तो तत्क्षणी मरण पावला. सहकारी बेशुद्ध पडला, पण वाचला. ज्या वाहकाचे वरचे टोक आकाशात आहे आणि खालचे टोक जमिनीत नाही, तो वाहक वीज घरात आणतो आणि तिथे तिला सोडून देतो. अर्थिंग नसलेली एरियल म्हणजे रिखमानची हीच रचना; फरक इतकाच की तो वाहक कशासाठी उभारला आहे हे रिखमानला ठाऊक होते.

आता वीज म्हणजे नेमके किती, याचा थोडा तपशील पाहिला पाहिजे, कारण घरातल्या विजेवरून बांधलेला आपला अंदाज येथे सपशेल चुकतो. घरातल्या गिझरमधून दहापंधरा अँपिअर प्रवाह जातो. आकाशातून उतरणाऱ्या विजेच्या पहिल्या फटक्यात साधारणपणे तीस हजार अँपिअर प्रवाह असतो, आणि मोठ्या फटक्यांत तो लाखावरही जातो. परंतु या आकड्याहूनही महत्त्वाची गोष्ट ही की तो प्रवाह सेकंदाच्या दशलक्षांश भागांत मोजण्याइतक्या थोड्या अवधीत शून्यापासून शिखरापर्यंत चढतो. एवढ्या वेगाने बदलणाऱ्या प्रवाहाला सरळ, जाड, निर्दोष तांब्याची तारही अडथळा करते. तो अडथळा तारेच्या रोधाचा नसतो, तर तिच्या भोवती उभ्या राहणाऱ्या चुंबकीय क्षेत्राचा असतो. प्रवाह दर मायक्रोसेकंदाला दहा हजार अँपिअरने वाढत असेल, तर तारेच्या दर मीटरमागे सुमारे दहा हजार व्होल्टचा दाब उत्पन्न होतो. म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीतून दहा मीटर तार खाली सोडून आपण अर्थिंग केले असे ज्याला वाटते, त्याच्या टेबलावरचे यंत्र त्या क्षणी जमिनीपेक्षा लाखभर व्होल्ट उंच असते. तार आखूड असावी, सरळ असावी, शक्य तर गोल तारेऐवजी रुंद पट्टी असावी, आणि वळण द्यावेच लागले तर काटकोनात न देता ऐसपैस गोलाईने द्यावे, हे सर्व नियम या एका कारणातून निघतात.

याच ठिकाणी आपल्याकडच्या वायरमन मंडळींची एक सवय सांगितली पाहिजे. काम संपल्यावर हिरवी तार हातभर उरली, तर ती तोडण्याऐवजी बोटांभोवती पाचसात वेढे घेऊन तिची सुबक गुंडाळी करावी आणि ती खिळ्याला अडकवून ठेवावी, पुढे कधी उपयोगी पडेल, असा त्यांचा काटकसरी हिशेब असतो. दिव्यांच्या जोडणीत त्याने काही बिघडत नाही. विजेच्या वाटेवर मात्र ती गुंडाळी म्हणजे धरणाची भिंतच. प्रवाह तिथे तुंबतो आणि भिंत ओलांडून जवळच्या दुसऱ्या कोणत्याही धातूवर, प्रसंगी माणसावर, उडी घेतो. उरलेली तार तोडून टाकावी. चार रुपयांच्या तांब्याची हळहळ करण्याची ही जागा नव्हे.

अर्थिंगच्या दांड्याविषयी जी चूक मला सर्वांत घातक वाटते, ती मात्र याहून वेगळी आहे, आणि ती मी माझ्या घरी भोगलेली आहे. आमचे घर साताऱ्याकडच्या माळरानावर आहे. घराच्या पूर्वेला मीटरबोर्ड, आणि त्याच्या अर्थिंगचा खड्डा तिकडेच. माझी रेडिओची खोली पश्चिमेला. पहिली अँटेना उभारली तेव्हा जाणत्या लोकांनी मला सांगितले की रेडिओचे अर्थिंग घराच्या अर्थिंगपासून अगदी वेगळे असले पाहिजे, नाहीतर आकाशातली वीज घरभर पसरेल. सल्ला ऐकायला शहाणपणाचा वाटत होता. मी खिडकीखाली स्वतंत्र दांडा ठोकवून घेतला आणि निर्धास्त झालो. पुढच्याच वैशाखात, वळवाच्या पावसाचे पहिले टपोरे थेंब पडत असताना, घरापासून साठसत्तर पावलांवरच्या चिंचेवर वीज पडली. माझ्या अँटेनाला ती शिवलीही नव्हती. तरीही खोलीत आलो तेव्हा जळक्या व्हार्निशचा दर्प भरला होता, संचाच्या मागे अँटेनाची तार जिथे जोडलेली होती तिथून सुरू होऊन वीजपुरवठ्याच्या दोरीपर्यंत गेलेली काळी रेघ उमटली होती, आणि आतल्या सर्किटवरचा छापील पट्टा मधोमध उकलून वर आला होता.

झाले होते ते असे. चिंचेच्या मुळांतून जमिनीत शिरलेला प्रवाह चहूकडे पसरत असताना जवळची जमीन उंच विभवावर गेली आणि लांबची त्या मानाने खाली राहिली. माझा खिडकीखालचा दांडा झाडाला जवळ, मीटरचा दांडा लांब. दोघांच्या विभवांत काही हजार व्होल्टचे अंतर पडले, आणि त्या दोहोंना जोडणारी घरातली एकमेव वाट माझ्या रेडिओतून जात होती. एका बाजूने अँटेनाची केबल एका दांड्याला, दुसऱ्या बाजूने वीजपुरवठ्याची दोरी दुसऱ्याला. मीच ती वाट बांधून ठेवली होती.

कोकणातल्या खाडीत भरती चढते तेव्हा होडी, होडीतली जाळी, माणसे आणि टोपल्या एकदमच वर उचलल्या जातात आणि कोणाचे काही बिघडत नाही. परंतु त्या होडीचा एक दोर धक्क्याच्या खुंटाला आखडून बांधलेला असेल, तर त्याच भरतीने होडी कलंडते. विजेच्या क्षणी घराचे तेच आहे. सारे घर लाख व्होल्टने वर गेले तरी चालेल, मात्र सारे एकदम गेले पाहिजे. म्हणून मीटरचे अर्थिंग, अँटेनाचे अर्थिंग, मनोरा असेल तर त्याचे, दूरचित्रवाणीच्या आणि इंटरनेटच्या केबलींचे, हे सर्व एकमेकांना जमिनीतूनच, घराबाहेरून, निदान सोळा चौरस मिलिमीटर काटछेदाच्या तांब्याने जोडलेले असले पाहिजेत. अमेरिकेच्या विद्युत्-संहितेत तर अँटेनासाठी वेगळा दांडा ठोकला असेल तो घराच्या मुख्य अर्थिंगशी जोडलाच पाहिजे असा स्पष्ट नियम आहे. एक खबरदारी येथे सांगणे भाग आहे: अर्थिंग म्हणजे न्यूट्रल नव्हे. वीजपुरवठ्याच्या न्यूट्रलला आपल्या हाताने अर्थची तार जोडणे हा उपाय नसून अपघाताला आमंत्रण आहे. आणि मीटरबोर्डाशी जे काम करायचे ते परवानाधारक वायरमनकडूनच करवून घ्यावे.

याच तत्त्वाचा पुढचा भाग असा की घरात शिरणाऱ्या सर्व केबली एकाच जागेवरून शिराव्यात. खिडकीबाहेर तांब्याचा एक पत्रा बसवावा, त्यावर प्रत्येक केबलीसाठी वायूने भरलेल्या नळीचा अरेस्टर लावावा, आणि त्या पत्र्यापासून दांड्यापर्यंत रुंद पट्टी सरळ खाली न्यावी. एरवी हा अरेस्टर स्वस्थ असतो. दाब ठरावीक मर्यादेबाहेर चढला की त्याच्या आतला वायू वाहक बनतो आणि केबलीच्या मधल्या तारेला जमिनीची वाट मोकळी होते. अरेस्टर विकत घेऊन तो खोलीत टेबलामागे लटकवणारे पुष्कळ आहेत, पण ज्याला जमीन जवळ नाही तो अरेस्टर नुसता शोभेचा.

आता प्रत्यक्ष दांडा. भारतीय मानक ब्यूरोच्या अर्थिंगविषयक संहितेत, म्हणजे आयएस ३०४३ मध्ये, दांडा लोखंडी असल्यास १६ मिलिमीटर आणि तांब्याचा असल्यास १२.५ मिलिमीटर जाड असावा, लांबी अडीच मीटरपेक्षा कमी नसावी आणि तो इमारतीपासून दीड मीटर दूर असावा असे सांगितले आहे. बाजारात पोलादावर तांबे चढवलेले दांडे मिळतात आणि ठोकण्यासाठी तेच योग्य, कारण निव्वळ तांबे घणाखाली वाकते. मात्र चांगल्या दांड्यावरचा तांब्याचा थर पाव मिलिमीटर जाड असतो, आणि नावापुरता मुलामा दिलेले दांडे दगडावर घासून जाताना तो मुलामा वरच सोडून जातात. जाड दांडा घेण्याकडे लोकांचा ओढा असतो, तो व्यर्थ आहे. शंभर ओहम-मीटर रोधकतेच्या साधारण जमिनीत तीन मीटर लांब आणि १६ मिलिमीटर जाड दांड्याचा रोध सुमारे ३३ ओहम येतो; जाडी दुप्पट केली तर तो फक्त तिसाच्या आसपास उतरतो, आणि लांबी दुप्पट केली तर एकोणिसाच्या खाली जातो. वीजसंरक्षणाच्या भारतीय संहितेने मान्य केलेली मर्यादा दहा ओहमची आहे. म्हणजे एका दांड्याने भागत नाही. दोन, तीन, चार लागतात, आणि ते एकमेकांपासून निदान आपल्या लांबीइतके, जमल्यास दुप्पट अंतरावर असावे लागतात. एकाच झऱ्यावर शेजारीशेजारी दोन विहिरी खणल्याने पाणी दुप्पट होत नाही, तसेच हे आहे.

काळ्या मातीच्या मुलखात दांडा ठोकणे सुखाचे असते. पहारेने वीतभर भोक पाडावे, त्यात पाणी ओतावे, दांडा हाताने खुपसावा, उचलावा, पुन्हा पाणी ओतून खुपसावा. चिखल आपोआप वाट करून देतो आणि घण शेवटच्या हातभरासाठीच लागतो. घणाने दांड्याचे डोके भुईछत्रासारखे पसरते, म्हणून जोडणीचा क्लँप आधीच दांड्यात ओवून ठेवावा, नाहीतर मागाहून तो चढता चढत नाही. पहिला टोला घालण्यापूर्वी जमिनीखालून विजेची केबल, पाण्याची वाहिनी किंवा गॅसची नळी गेलेली नाही याची खातरजमा केलीच पाहिजे. आंधळेपणाने ठोकलेल्या दांड्याने जीव गेलेले आहेत.

आमच्या माळावर ही गोष्ट इतकी सोपी नव्हती. वर फूटभर माती, खाली दोनअडीच फूट मुरूम, आणि त्याखाली काळा पाषाण, जो सह्याद्रीपासून विदर्भापर्यंत निम्म्याहून अधिक महाराष्ट्राच्या पोटाशी पसरलेला आहे. पहिला दांडा चार फुटांवर थांबला. गडी घण घालीत राहिला आणि दांडा खाली न जाता बाजूला वाकू लागला, टोल्याचा आवाजही बदलला, बद् बद् होता तो खणखणीत झाला. अशा जमिनीत हट्ट धरण्यात अर्थ नसतो, कारण दांडा यंत्राने भोक पाडून आत घातला तरी कोरडा पाषाण प्रवाह घेत नाही. ओल्या काळ्या मातीची रोधकता दहावीस ओहम-मीटर असते, तर खडकाची हजारोंवर जाते. अशा ठिकाणी उभ्या दांड्याऐवजी आडवी पट्टी पुरावी. घराच्या कडेने दोनेक फूट खोल चर खणून त्यात तांब्याची किंवा जस्त चढवलेल्या लोखंडाची पट्टी मांडावी, अँटेनाच्या पायथ्यापासून तिचे दोनतीन फाटे निरनिराळ्या दिशांना न्यावेत, आणि चर मुरमाने न बुजवता काळ्या मातीने किंवा बेंटोनाइट या ओल धरून ठेवणाऱ्या चिकणमातीने भरावा. मीठकोळशाचा खड्डा आपल्याकडे पूर्वापार चालत आला आहे आणि त्याने रोध उतरतोही. परंतु मीठ पावसाबरोबर वाहून जाते आणि जाताना लोखंड खाऊन जाते, म्हणून बेंटोनाइट परवडत असेल तर मी मिठाच्या वाटेला जाणार नाही.

जोडांकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. कथिलाचा डाग दोनशे अंशांच्या आतच वितळतो, आणि विजेच्या वाटेवर त्याच्या भरवशावर राहणे म्हणजे मेणाने दोर चिकटवणे. जोड नटबोल्टने घट्ट आवळलेला असावा, अथवा रेल्वेचे रूळ जोडताना वापरतात त्याच जातीच्या, ॲल्युमिनियम आणि तांब्याच्या ऑक्साइडच्या भुकटीने पेटणाऱ्या वेल्डिंगचा असावा. मनोरा जस्त चढवलेला असेल तर तांब्याची पट्टी त्याला उघडी टेकवू नये, कारण ओलाव्यात तांबे जस्ताला खाते. मध्ये स्टेनलेस पोलादाचा तुकडा घालावा. आणि ही सर्व व्यवस्था जिथे माणसे बसतात किंवा गुरे बांधली जातात तिथून लांब असावी. वीज जमिनीत पसरताना पावलापावलाला दाब उतरत जातो. माणसाच्या दोन पायांत हातभर अंतर असते, गाईच्या पुढच्या आणि मागच्या पायांत त्याहून अधिक, आणि म्हणूनच झाडावर पडलेल्या विजेने खाली उभी राहिलेली जनावरे अंगावर जखमही नसता मरतात. गोठ्याच्या भिंतीलगत अर्थिंगचा दांडा ठोकणे हे मुक्या जिवांशी केलेले वैर आहे.

एवढे करूनही वीज थेट अँटेनावर पडली तर संच वाचेलच अशी हमी देता येत नाही. अर्थिंगने वाचायचे असते ते घर आणि घरातली माणसे. ढग दिसू लागताच केबल संचापासून सोडवून खिडकीबाहेर, त्या पत्र्याशी, जोडून टाकणे आणि विजेची दोरीही बटणावर न भागवता भिंतीतून उपसणे, हा माझा शिरस्ता आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ हे ॲप भोवतालच्या परिसरात पडणाऱ्या विजांची सूचना फोनवर देते. गडगडाट कानांवर येण्यापूर्वी सावध होण्यास त्याचा चांगला उपयोग होतो. आपल्या देशात दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसे वीज पडून मरतात, आणि त्यांतील बहुतेक उघड्यावर काम करणारी असतात.

शेवटची गोष्ट ऋतूची. अर्थिंग बसवून देणारा मनुष्य पावसाळ्यात येतो, कारण तेव्हा जमीन मऊ असते. तो तेव्हाच मेगर लावून रोध मोजतो, आकडा सुरेख येतो, वहीत लिहिला जातो आणि विषय मिटतो. परंतु महाराष्ट्रात विजा सर्वांत उग्र पडतात त्या वळवाच्या पावसात, चैत्र-वैशाखात, म्हणजे नेमक्या अशा दिवसांत की जेव्हा आठ महिन्यांच्या उन्हाने जमिनीतली ओल खोल गेलेली असते. माझ्या पट्टीचा रोध श्रावणात मोजला त्याच्या दुपटीहून अधिक वैशाखात भरला. श्रावणातला आकडा खरा असला तरी वैशाखातल्या विजेला तो लागू नाही. म्हणून ज्यांच्या छपरावर तार किंवा मनोरा आहे त्यांना माझी विनंती आहे की पाडव्यानंतरच्या एखाद्या रविवारी खड्ड्याचे झाकण उघडा, गंजलेला बोल्ट घासून आवळा, दोन घागरी पाणी सोडा, दोन्ही अर्थिंगे एकमेकांना जोडलेली आहेत हे डोळ्यांनी पाहा, आणि रोध त्याच आठवड्यात मोजवून घेऊन तो आकडा वहीत तारखेसह लिहा.